थंडरबर्ड्सची पहिली वर्षे

‘व्यावसायिक’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. ज्यावर पोट चालते तो व्यवसाय आणि जो हौसेखातर करावयाचा तो छंद, अशी एक साधी विभागणी आपल्या मनात असते. सरकारी नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या आमच्या वाचकांस तर ती अधिकच स्वाभाविक वाटेल. कारण त्यांच्या बाबतीत नेमणुकीचा हुकूम, काम आणि पगार या तिन्ही गोष्टी बहुधा एकाच दिवसापासून सुरू होतात. खेळांच्या इतिहासात मात्र हा क्रम पाळला गेलेला दिसत नाही. विशेषतः स्त्रियांच्या सांघिक खेळांत काम आधी, नाव त्यानंतर आणि पगार सर्वांत शेवटी, असाच प्रकार आढळतो. नेमणुकीचा हुकूम आणि पोटापुरता पगार यांच्यामध्ये तेथे वीस-वीस वर्षे लोटतात. त्या मधल्या वर्षांचा खर्च कोणी सोसला, याची नोंद विजेत्यांच्या यादीत सापडत नाही.

हा प्रश्न आम्ही येथे एका संघाच्या निमित्ताने विचारीत आहोत. दक्षिण ऑस्ट्रेलिया या राज्याची राजधानी अॅडलेड. त्या शहरातील नेटबॉलचा ‘थंडरबर्ड्स’ हा संघ १९९७ साली राष्ट्रीय स्पर्धेत उतरला. आज त्याची गणना त्या खेळातील नामांकित व्यावसायिक संघांत होते. त्याच्या आरंभीच्या काही वर्षांत यश, अपयश आणि एका सोबत्याचा अंत हे सारे इतक्या थोड्या अवकाशात घडून गेले की, संस्था कशा उभ्या राहतात याचा विचार करणाऱ्यास ती हकीकत उपयोगी पडावी.

प्रथम खेळाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे १८९१ साली बास्केटबॉलचा खेळ रचला. तो लौकरच इंग्लंडात गेला आणि तेथील मुलींच्या व्यायामशिक्षण महाविद्यालयांत त्याला निराळे वळण लागले. लांब झगे घालून चेंडू आपटीत धावणे कठीण, म्हणून चेंडू आपटण्याची पद्धत गेली. मैदानाचे भाग पाडून प्रत्येकीस आपापला प्रदेश नेमून देण्यात आला. १९०१ साली नियम छापले गेले आणि नेटबॉल हा स्वतंत्र खेळ झाला. एका बाजूस सात जणी. मैदान ३०.५ मीटर लांब व १५.२५ मीटर रुंद. कडे जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवर, परंतु त्यामागे फळी नाही, त्यामुळे चेंडू नेमका कड्यातूनच पडला पाहिजे. चेंडू हाती आल्यावर तो घेऊन पळावयाचे नाही आणि तीन सेकंदांच्या आत तो सोडावयाचा. प्रत्येकीच्या अंगावरील अक्षरे तिचे स्थान सांगतात आणि ते स्थान तिला मैदानाच्या ठरावीक भागापलीकडे जाऊ देत नाही.

ज्यांनी लहानपणी आट्यापाट्या खेळल्या असतील त्यांना ही रचना परकी वाटणार नाही. पाटी धरणाऱ्याने पाटी सोडावयाची नसते. त्याचे कर्तृत्व त्या एका रेघेवरच दिसावयाचे असते. नेटबॉलमध्येही एकटीने सारे मैदान गाजविण्याची सोय नाही. बचाव करणारी कितीही चपळ असली तरी तिला गोल करता येत नाही आणि गोल करणारीला चेंडू दुसऱ्या कोणी आणून दिल्यावाचून मिळत नाही.

ऑस्ट्रेलियात हा खेळ विसाव्या शतकाच्या आरंभी शाळांतून रुजला. तेथे त्याचे नाव बरीच वर्षे ‘स्त्रियांचे बास्केटबॉल’ असेच होते; १९७० साली नेटबॉल हे नाव अधिकृतपणे स्वीकारण्यात आले. देशव्यापी संघटना १९२७ साली स्थापन झाली. पहिली जागतिक स्पर्धा १९६३ साली इंग्लंडमधील ईस्टबोर्न येथे भरली आणि ती ऑस्ट्रेलियाने जिंकली. या साऱ्या काळात खेळाचा डोलारा उभा होता तो शनिवारच्या सामन्यांवर आणि गावोगावच्या क्लबांवर. मैदानावर रेघा आखणे, मुलींना ने-आण करणे, पंच म्हणून उभे राहणे, फराळाचे पदार्थ विकून वर्गणीत भर घालणे ही कामे बहुतांशी बायकांनीच केली आणि त्याबद्दल कोणी त्यांना पैसे दिले नाहीत. अॅडलेडमध्ये गार्व्हिल आणि काँटॅक्स हे दोन क्लब या परंपरेतले. १९८५ साली एका तेलकंपनीच्या आश्रयाने राष्ट्रीय पातळीवर क्लबांची साखळी स्पर्धा सुरू झाली, तेव्हा शहराची बाजू अशा क्लबांनीच राखली. आपल्या गल्लीतील मंडळाचे नाव घेऊनच खेळाडू देशापुढे जात असत.

१९९७ साली हे चित्र पालटले. एका बँकेच्या आश्रयाने आणि तिचेच नाव घेऊन नवी स्पर्धा आरंभिली गेली. तिला ‘कॉमनवेल्थ बँक ट्रॉफी’ म्हणत. क्लबांच्या जागी शहरांचे संघ आले आणि आठही संघांना पक्ष्यांची नावे देण्यात आली. मेलबर्नचे दोन : फिनिक्स आणि केस्ट्रेल्स, म्हणजे आपली खरूची. सिडनीचे दोन : स्विफ्ट्स, म्हणजे पाकोळ्या, आणि सँडपायपर्स, म्हणजे पाणथळीच्या कडेने तुरुतुरु धावणाऱ्या तुतवारी. पर्थचे ओरिओल्स, म्हणजे हळदे. क्वीन्सलँडचे फायरबर्ड्स. आणि अॅडलेडचेही दोन : रेव्हन्स, म्हणजे डोमकावळे, आणि थंडरबर्ड्स. हा शेवटचा पक्षी कोणत्याही रानात सापडावयाचा नाही; उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या कथांत त्याच्या पंखांच्या फडफडाटातून मेघगर्जना होते.

नावांची ही हौस वरवर बालिश वाटली तरी तिच्यामागे हिशेब होता. क्लबाचे नाव घेऊन खेळणाऱ्या संघावर त्या क्लबाच्या माणसांचे प्रेम असते. परंतु गावातील दुसरा क्लब त्याच्यासाठी टाळ्या वाजवीत नाही. ज्याच्याशी कोणाचेच जुने वैर नाही असे नाव हवे होते. दूरचित्रवाणीवर सामने दाखवावयाचे, त्यास जाहिरातदार मिळवावयाचे आणि पुढे कधी तरी खेळाडूंना योग्य मोबदला द्यावयाचा, असा तो बेत होता. त्यांतील पहिल्या दोन गोष्टी लौकर साधल्या. तिसरीला फार वेळ लागला.

थंडरबर्ड्सच्या मार्गदर्शक होत्या मार्गारेट अँगोव्ह आणि संघाच्या आधारस्तंभ व कर्णधार कॅथरिन हार्बी. हार्बी या बचावातील खेळाडू. म्हणजे धावफलकावर ज्यांच्या नावाने एकही गोल लागावयाचा नाही, अशांपैकी. जॅकी डिलेनी यांच्यासारख्या खेळाडू कड्याखाली नेम धरण्यासाठी होत्या. पहिल्याच वर्षी हा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि तेथे मेलबर्नच्या फिनिक्सकडून हरला. दुसऱ्या वर्षी, १९९८ साली, त्याने सिडनीच्या पाकोळ्यांचा पराभव करून विजेतेपद मिळविले. तिसऱ्या वर्षीचा अंतिम सामना हा त्या शहराच्या क्रीडा-इतिहासातील एक विलक्षण प्रसंग होता. कारण त्या वर्षी दोन्ही बाजूंस अॅडलेडच होते. थंडरबर्ड्सनी रेव्हन्सना ६२ विरुद्ध ३० अशा गोलांनी हरविले. मेलबर्न आणि सिडनी या दोन महानगरांच्या निम्म्याहूनही कमी वस्तीच्या शहराने त्या वर्षी देशातील पहिले आणि दुसरे असे दोन्ही मान आपल्याकडे ठेवून घेतले.

त्याच १९९९ साली न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे जागतिक स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने यजमानांना ४२ विरुद्ध ४१ असे एका गोलाने हरविले. हार्बी त्या संघात होत्या आणि पुढे त्या राष्ट्रीय संघाच्या कर्णधार झाल्या. २००२ साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली देशाने सुवर्णपदक मिळविले.

येथवरची हकीकत ही यशाची झाली. परंतु आमच्या प्रश्नाचे उत्तर तीत नाही. राष्ट्रीय विजेतेपद मिळविणाऱ्या, जगज्जेत्या संघात खेळणाऱ्या या स्त्रियांना खेळावर संसार चालेल एवढा मोबदला त्या काळी मिळत नव्हता. कोणी शिक्षिका, कोणी कचेरीत नोकरी करणारी, कोणी विद्यार्थिनी, अशीच त्या पिढीतील खेळाडूंची सर्वसाधारण स्थिती होती. दिवसभर आपले काम उरकून संध्याकाळी सरावास जावयाचे, दुसऱ्या राज्यातील सामन्यासाठी रजा मागावयाची, आणि अॅडलेडहून पर्थसारख्या, सुमारे दोन हजार किलोमीटरहून दूर असलेल्या शहरी जाऊन खेळून पुन्हा सोमवारी कामावर हजर व्हावयाचे. दुखापत झाली तर मैदान तर सुटेच, परंतु पोटाची नोकरीही अडचणीत येई. म्हणजे या खेळाडूंनी आपल्या रजा, आपल्या बढतीच्या संधी आणि आपले आरोग्य गुंतवून त्या स्पर्धेला भांडवल पुरविले. बँकेचा आश्रय हिशेबाच्या वहीत नोंदला गेला. त्यांच्या भांडवलासाठी त्या वहीत रकानाच नव्हता.

यानंतरची तीन वर्षे थंडरबर्ड्सच्या दृष्टीने कसोटीची ठरली. २००० साली ते पुन्हा अंतिम सामन्यात होते आणि फिनिक्सने त्यांना ५२ विरुद्ध ५१ असे अवघ्या एका गोलाने हरविले. २००१ साली सिडनीच्या स्विफ्ट्सनी आणि २००२ साली पुन्हा फिनिक्सने त्यांच्या हातून विजेतेपद हिरावून नेले. सहा वर्षांत सहा अंतिम सामने आणि त्यांत दोन विजय, असा हा आरंभकाळाचा जमाखर्च आहे. सलग सहा वर्षे शेवटच्या दिवसापर्यंत टिकून राहण्यासाठी लागणारी शिस्त त्यांनी एखाद्या सवयीसारखी अंगी बाणविली होती, हे त्यांच्या पराभवांवरूनही दिसते. एका गोलाने हरलेल्या संघास दुसऱ्या वर्षी पुन्हा तेथवर येणे किती जड जाते, हे खेळ जाणणाऱ्यास सांगावयास नको.

आणि याच वेळी त्यांचा सोबती नाहीसा झाला. रेव्हन्स २००२ पर्यंत खेळले. २००३ सालापासून त्यांची जागा राजधानी कॅनबेरा येथील ‘डार्टर्स’ या नव्या संघाने घेतली. सिडनीच्या सँडपायपर्सचीही तीच गत झाली. २००४ साली त्यांच्या जागी हंटर प्रदेशातील ‘जेगर्स’ आले. ज्या शहराने १९९९ साली अंतिम सामन्याच्या दोन्ही बाजू भरल्या होत्या, त्या शहरात चार वर्षांच्या आत एकच संघ उरला.

या घटनेकडे दोन दृष्टींनी पाहता येते. स्पर्धा देशभर पसरावयाची तर एका लहान शहरास दोन जागा देऊन राजधानीस वंचित ठेवणे योग्य नव्हते, असे व्यवस्थापनाच्या बाजूने म्हणता येईल, आणि त्यात तथ्य आहे. एकच आश्रयदाता, एकच वर्तमानपत्री पान आणि तोच प्रेक्षकवर्ग दोन संघांत वाटला गेला तर दोन्ही दुबळे राहतात, हेही खरे. परंतु नेटबॉलमध्ये एका संघातील सात स्थाने म्हणजे त्या त्या स्थानासाठी आयुष्यभर तयार झालेल्या सात जणी. एक संघ गेला की तेवढी स्थाने शहरातून जातात. रेव्हन्सच्या खेळाडूंपुढे तेव्हा थंडरबर्ड्समध्ये आधीच भरलेल्या जागेसाठी झगडणे, दुसऱ्या शहरी बिऱ्हाड हलविणे, अथवा शनिवारच्या क्लबाकडे परत जाणे, एवढेच मार्ग होते. पगारी नोकरीत पद रद्द झाले तर निदान पर्यायी नेमणुकीची अथवा भरपाईची भाषा तरी बोलली जाते. जेथे पगारच नाही तेथे भरपाई कशाची? व्यवसायाचे सारे धोके या स्त्रियांच्या वाट्यास आले होते. व्यवसायाची सुरक्षितता मात्र अजून आलेली नव्हती. आमच्या मते त्या आरंभकाळाचे खरे स्वरूप हेच आहे आणि पदकांच्या झळाळीत ते विसरले जाऊ नये.

उरलेल्या एका संघावर मग साऱ्या राज्याचा भार आला. लॉरा आणि नॅटली या व्हॉन बर्टूश भगिनी याच संघातून पुढे आल्या आणि दोघीही देशासाठी खेळल्या. २००८ साली स्पर्धेची पुन्हा नव्याने मांडणी झाली; ऑस्ट्रेलियाचे पाच आणि न्यूझीलंडचे पाच असे दहा संघ एकत्र खेळू लागले. या फेररचनेत पक्ष्यांच्या थव्यातील बहुतेक नावे गळाली. फिनिक्स आणि केस्ट्रेल्स या दोहोंच्या जागी मेलबर्नमध्ये एकच नवा संघ आला. पर्थच्या ओरिओल्सनी नाव बदलले. डार्टर्स आणि जेगर्स गेले. सिडनीच्या स्विफ्ट्सनी शहराऐवजी राज्याचे नाव लावले. १९९७ सालचे पूर्ण नाव जसेच्या तसे घेऊन नव्या स्पर्धेत आलेले संघ दोनच : क्वीन्सलँडचे फायरबर्ड्स आणि अॅडलेडचे थंडरबर्ड्स. २०१० साली थंडरबर्ड्सनी ही स्पर्धा जिंकली आणि १९९९ नंतर प्रथमच विजेतेपद अॅडलेडला आले. २०१३ साली त्यांनी ते पुन्हा मिळविले.

त्या २०१० सालाशी आपल्या देशाचाही एक धागा जुळलेला आहे. ऑक्टोबरात दिल्लीस राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा झाल्या तेव्हा नेटबॉलचे सामने त्यागराज क्रीडासंकुलात खेळले गेले. यजमान म्हणून भारताचा संघही त्यांत उतरला होता. अंतिम सामना ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्यात झाला आणि ठरलेल्या साठ मिनिटांत निकाल न लागल्यामुळे वेळ पुनःपुन्हा वाढवावी लागली. शेवटी न्यूझीलंडने ६६ विरुद्ध ६४ असा विजय मिळविला. त्या वर्षी थंडरबर्ड्सचे नेतृत्व करणारी नॅटली व्हॉन बर्टूश ऑस्ट्रेलियाच्या त्या संघात होती. आमच्या वाचकांपैकी जे त्या वेळी राजधानीत नेमणुकीवर होते, त्यांच्या घरापासून थोड्याच अंतरावर हा सामना झाला असेल. अॅडलेडच्या क्लबांत बिनमोल झालेल्या कामाचे फळ त्या सायंकाळी दिल्लीत पाहावयास मिळत होते.

आणि पगाराचे काय झाले? २०१७ साली ऑस्ट्रेलियाने आपली स्वतंत्र स्पर्धा सुरू केली, तेव्हा झालेल्या करारान्वये खेळाडूचा किमान वार्षिक मोबदला १३,२५० डॉलरवरून २७,३७५ डॉलरवर गेला आणि सरासरी ६७,५०० डॉलर ठरली. ही वाढ मोठी होती, यात शंका नाही. परंतु त्या सुमारास त्या देशात पूर्णवेळ काम करणाऱ्या साध्या मजुराचे कायद्याने ठरलेले किमान वेतन वर्षास सुमारे ३५,००० डॉलर होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या वाढीचा अर्थ उमगतो. थंडरबर्ड्स पहिल्यांदा मैदानात उतरल्यापासून वीस वर्षे झाली होती. १९९७ साली खेळू लागलेल्या पिढीची कारकीर्द तोवर संपून गेली होती. पुढे २०२३ साली जुना करार संपून नवा होईना, तेव्हा खेळाडूंना कित्येक आठवडे बिनपगारी काढावे लागले आणि डिसेंबरात उत्पन्नातील वाटा मान्य झाल्यावरच समेट झाला. विशेष असे की, त्याच वर्षी विजेतेपद थंडरबर्ड्सकडे होते. २०१८ साली एकही सामना न जिंकता तळाशी राहिलेला हा संघ २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षे अजिंक्य ठरला. विजेत्यांनाही आपल्या श्रमाचे मोल मागावे लागले, आणि या खेपेस ते त्यांनी एकजुटीने मागितले.

तेव्हा आरंभीचा प्रश्न पुन्हा विचारू. मधल्या वर्षांचा खर्च कोणी सोसला? प्रथम क्लबांतील अनामिक बायकांनी. नंतर १९९७ च्या पिढीतील खेळाडूंनी. आणि त्यांतही, ज्यांचा संघ पुढे राहिलाच नाही अशा रेव्हन्सनी. थंडरबर्ड्सच्या चाहत्यांना आज जो वारसा मिळालेला आहे, त्यात या तिघींचाही वाटा आहे.

परप्रांती राहणाऱ्या मराठी माणसास ही गोष्ट निराळ्या अर्थाने परिचित आहे. आपण ज्या ज्या शहरी बदलून जातो तेथे महाराष्ट्र मंडळ, वाचनालय, गणेशोत्सव आणि क्वचित एखादी शाळा आपल्याआधीच उभी असलेली आढळते. कचेरी सुटल्यावर ज्यांनी तिच्या वर्गण्या गोळा केल्या आणि बदलीचा हुकूम येताच किल्ल्या दुसऱ्याच्या हाती देऊन जे निघून गेले, त्यांची नावे बहुधा कोठेच लिहिलेली नसतात. अशा संस्थांना पुढे चांगले दिवस येतात, पगारी व्यवस्थापक येतो, इमारत होते; आणि मग आधीचे काम ‘हौशी’ म्हणून बाजूस ठेवले जाते. अॅडलेडच्या या संघाची हकीकत आम्हांस सांगावीशी वाटली ती याकरिता, की फुकट झालेले काम विनामूल्य असते हा आपला समज तिच्यावरून तपासून घेता येतो. त्याचे मूल्य कोणी तरी भरलेले असते. संस्था सुस्थितीत आल्यावर तिने निदान तेवढी नोंद आपल्या वहीत करावी, आणि पुढच्या पिढीकडून तेच मूल्य पुन्हा फुकट मागू नये.